तळ्यातला गणपती, पण तळे कुठे?

“आजोबा, तळ्यातला गणपती म्हणता, मग तळं कुठंय?” आज संध्याकाळी पुण्याच्या सारसबागेतल्या मंदिरातून बाहेर पडताना पुढे चाललेल्या एका मुलीने विचारले. आजोबा क्षणभर थबकले आणि हिरवळीकडे हात करून म्हणाले, “आपण त्याच्यातच उभे आहोत.”

मुलीने चटकन खाली, स्वतःच्या चपलांकडे पाहिले. तिचे ते पाहणे अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांनी हे तळे करवले, त्यातल्या बेटावर बाग फुलवली आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात तिथे गणपतीची स्थापना झाली. कालांतराने तळे नाहीसे झाले आणि विसाव्या शतकात त्या जागी आजचे उद्यान आले. उद्यान सुंदर आहे, मीही त्या गवतावर कित्येकदा निवांत बसलो आहे, त्यामुळे तक्रारीचा मला फारसा अधिकार नाही.

पण सप्टेंबर २०१९ मधल्या त्या रात्री हाच आंबिल ओढा लोकांच्या घरांत शिरला होता. तळे आता केवळ नावात उरले आहे, हे आपण कधीच स्वीकारले. पाण्याला मात्र ते कोणी कळवले होते का?