या समीकरणात पाय कुठे बसतो?

४ डिसेंबर २०२३, सोमवार. सकाळी आठच्या तासाला वर्गात शिरले, तर फळ्यावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं: १३–०. खडू आडवा धरून, फळाभर. मी डस्टर उचललं आणि परत जागेवर ठेवलं. एरवी सोमवारी सकाळी पेंगणारी सव्वीस मुलं टक्क जागी होती.

मी मूळची साताऱ्याची. इथे टॅलाहासीला, फ्लोरिडाच्या राजधानीत, रेषीय बीजगणित शिकवते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात दरवर्षी एक धडा ठरलेला असतो, तो म्हणजे कॉलीची पद्धत. वेस्ली कॉली हे खगोलभौतिकीचे अभ्यासक. कॉलेज फुटबॉलच्या संघांची क्रमवारी लावायची त्यांनी बसवलेली ही रीत. २०१३ पर्यंत अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवताना मतदानाच्या जोडीला काही संगणकी क्रमवाऱ्याही धरत, त्यांतली ही एक. मुलांना समीकरणांचा कंटाळा येतो, फुटबॉलचा येत नाही, म्हणून मी हा धडा शेवटी ठेवते. त्या वर्षीचा धडा महिनाभर आधीच तयार होता. तो नेमका त्या सोमवारी येणार, याची मला काय कल्पना!

आदल्या दिवशी काय घडलं ते आधी सांगते. इथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि वरच्या श्रेणीत त्या वर्षी १३३ संघ होते. एक संघ नियमित हंगामात खेळतो १२ सामने. फार तर कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपापल्या गटाच्या, अजिंक्यपदाचा तेरावा. १३३ संघ आणि १२ सामने, म्हणजे बहुतेक संघ एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. मग अव्वल कोण हे ठरवायला १३ जणांची निवड समिती बसते, आणि २०१४ पासून ती चार संघ उपांत्य फेरीसाठी निवडत होती. रविवारी दुपारी तिनं नावं जाहीर केली. मिशिगन आणि वॉशिंग्टन, दोघेही १३–०, म्हणजे तेरा विजय आणि पराभव शून्य. तिसरं टेक्सास आणि चौथं अलाबामा, दोघेही १२–१. आमच्या गावचा फ्लोरिडा स्टेट संघ, १३–०, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा विजेता, पाचवा. एकही सामना न हरलेला बड्या कॉन्फरन्सचा विजेता चारांच्या बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ.

मी घरी टीव्हीसमोरच होते. जाहीर झालं आणि गल्ली गप्प झाली. शेजारच्या घरासमोर सकाळपासून शेगडी पेटलेली होती, माणसं जमली होती. तासाभरात सगळी खुर्च्या मिटून निघून गेली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाशी सामना होता. खालच्या श्रेणीतला संघ, सोपा पेपर. त्या सामन्यात आमचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते, क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक डाव सुरू होतो तो खेळाडू. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फळीच्या क्वार्टरबॅकनं फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला २४–१५ हरवलं आणि त्याच सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. मग २ डिसेंबरला शार्लटला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसरा उतरला, पहिल्या वर्षाचा कोवळा पोरगा. लुईव्हिलवर विजय, १६–६. आमच्या बचावफळीनं तो सामना अक्षरशः खांद्यावर उचलून नेला. तरी दुसऱ्या दिवशी समितीचं म्हणणं असं, की ट्रॅव्हिसविना हा संघ तोच राहिलेला नाही.

तर वर्गात. मी १३–० पुसलं नाही, त्याच्या खाली रेघ मारली आणि धडा सुरू केला.

कॉलीच्या पद्धतीत प्रत्येक संघ अर्ध्यावर सुरू होतो, ०.५. कुणाचं नाव मोठं नाही, कुणाची गेल्या वर्षीची पुण्याई नाही. जिंकलात की वर, हरलात की खाली. पण कुणाशी खेळलात तेही मोजायचं, म्हणून तुमच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा गुणांक तुमच्या समीकरणात येतो. त्याचा गुणांक त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर ठरतो, त्यांचा त्यांच्या. म्हणून सगळ्या संघांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात. किती गुणांच्या फरकानं जिंकलात हे मात्र अजिबात धरत नाहीत.

मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. १३–० असलेल्या संघाचा गुणांक: १ अधिक ६.५ अधिक ब, भागिले १५. १२–१ असलेल्या संघाचा: १ अधिक ५.५ अधिक ब′, भागिले १५. ब म्हणजे तेराही प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकांची बेरीज. मुलांना म्हटलं, दुसऱ्या संघाला पहिल्याची बरोबरी करायची असेल तर काय लागेल?

तिसऱ्या बाकावर अलाबामातल्या डोथनचा एक मुलगा बसायचा. डोथन इथून दोन तासांवर. घरदार अलाबामाचं भक्त, आणि त्या दिवशी वर्गात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. उत्तर आधी त्यानंच दिलं. "पूर्ण एक. ब′ हा ब पेक्षा एकनं जास्त हवा."

बरोबर होतं. एका पराभवाची किंमत एक. तेरा सामन्यांवर वाटली तर दर प्रतिस्पर्ध्यामागे ०.०७७. म्हणजे तुमचे प्रतिस्पर्धी सरासरीनं तेवढे वरचढ असले, तर एक हार माफ.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पद्धत चांगली की वाईट यावर वाद घालता येईल, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक संघाला आपली किंमत माहीत असते. पराभव कितीला पडेल, वजनदार प्रतिस्पर्धी काय मिळवून देईल, सगळं उघड. निकाल लागल्यावर तराजू बदलत नाही.

"मग आमचा ब′ असेल एकनं जास्त," डोथनचा मुलगा म्हणाला. "शनिवारी आम्ही जॉर्जियाला हरवलं, २७–२४. ओळीनं २९ सामने जिंकलेला संघ होता तो."

मागून एक मुलगी म्हणाली, "आणि टेक्सास तुमच्या घरी येऊन तुम्हाला ३४–२४ हरवून गेलं. आम्हाला कुणी हरवलं?"

आवाज चढले. मी चढू दिले. पाच मिनिटांनी विचारलं, हा ब ठरवतो कोण?

वर्ग गप्प. मग हळूहळू निघालं. त्या वर्षी १२ पैकी आठ सामने कॉन्फरन्सनं लावून दिलेले होते, त्यात संघाचं काही चालत नाही. उरलेल्या चारांचे करार कित्येक वर्षं आधी होतात. ज्यांनी सह्या केल्या ती माणसं कधी कधी त्या नोकरीतही उरलेली नसतात, खेळणारी पोरं तर तेव्हा शाळेत असतात. २०२३ मध्ये आमचे चार होते एलएसयू (लुइझियाना स्टेट), सदर्न मिसिसिपी, नॉर्थ अलाबामा आणि फ्लोरिडा. त्यांतल्या एलएसयूला ऑर्लँडोत ४५–२४ धूळ चारलेली. अलाबामाचे चार होते मिडल टेनेसी, टेक्सास, साउथ फ्लोरिडा आणि चॅटनूगा. ज्या शनिवारी आमचा सोपा सामना होता, त्याच शनिवारी त्यांचाही सोपा सामना, चॅटनूगाशी. दोघांच्या वेळापत्रकात जमीन-अस्मानाचा फरक होता असं म्हणायला मी तयार नाही. पण एकाच्या सोप्या सामन्यात पाय मोडला, दुसऱ्याच्या नाही.

मग मी त्यांना २०१७ चं सेंट्रल फ्लोरिडा सांगितलं. ते तर बड्या कॉन्फरन्समधलेही नव्हते. त्या सप्टेंबरात त्यांच्या वेळापत्रकात एक वजनदार नाव होतं, जॉर्जिया टेक. इर्मा चक्रीवादळ आलं आणि तो सामना रद्द झाला, तो कायमचाच. नियमित हंगामात अकराच सामने राहिले, ते सगळे आणि वर कॉन्फरन्सचा अंतिम सामना त्यांनी जिंकला. तरी समितीनं त्यांना बाराव्या क्रमांकावर ठेवलं, कारण वेळापत्रक हलकं. वादळानं नेलेला सामना कुणी भरून देणार होतं का? १ जानेवारी २०१८ ला पीच बोलमध्ये (बोल म्हणजे नियमित हंगामानंतरचा मानाचा सामना) त्यांनी ऑबर्नला ३४–२७ हरवलं. आणि त्या वर्षी अंतिम सामना खेळले अलाबामा आणि जॉर्जिया. दोघांनाही त्याच हंगामात ऑबर्ननं हरवलेलं होतं. हंगामाअखेर कॉलीच्या क्रमवारीत सेंट्रल फ्लोरिडा पहिलं आलं.

याच ऑबर्नची २००४ ची कथा उलट आहे. तेव्हा ते स्वतः अजिंक्य होते, पण जागा दोनच. पुढे यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि ओक्लाहोमा, तेही अजिंक्य. ऑबर्न तोवर १२–० असूनही बाहेरच.

तासाला दहा मिनिटं उरली होती. पहिल्या बाकावर एक अबोल मुलगी बसते. सत्रभर तिनं तोंड उघडलं नव्हतं, पण वही अशी की छापून घ्यावी. तिनं हात वर केला आणि फळ्यावरच्या समीकरणाकडे बोट दाखवलं.

"प्रोफेसर, यात पाय कुठे बसतो?"

कुणी हसलं नाही.

मी खरं तेच सांगितलं. यात पाय बसत नाही. हे समीकरण झालेले सामने मोजतं. समितीच्या लिखित नियमांत मात्र पायाला जागा आहे. महत्त्वाचा खेळाडू नसल्याचा पुढच्या सामन्यांवर परिणाम होणार असेल तर ते विचारात घ्यावं, असं तिथं नमूद आहे. तेव्हा समितीनं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. नियम होता. पण त्या नियमाला किती वजन, ते कुठेच लिहिलेलं नाही. हार एकला पडते, मग मोडलेला पाय कितीला पडतो? ट्रॅव्हिस पडल्यानंतर खेळलेले आणि जिंकलेले दोन सामने त्या पायाच्या विरुद्ध पारड्यात घालायचे की नाही? तेरा सामन्यांत मैदानावर जे घडलं ते मोजायचं, आणि शेवटच्या दिवशी त्यात पुढे काय घडेल याचा अंदाज मिसळायचा, आणि मिसळण्याचं प्रमाण खोलीतल्या तेरा जणांनी त्या रात्री ठरवायचं. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या पोरांनी सगळं जिंकलं त्यांनी आणखी काय करायचं होतं, याचं उत्तर निदान कुणापाशी तरी असायला हवं होतं.

तास संपला. डोथनच्या मुलानं जाता जाता डस्टर उचललं, फळ्याकडे बघितलं, आणि खालची समीकरणं तेवढी पुसली. १३–० राहू दिलं.

रात्री नऊला मी घरी फोन लावला, तिकडे मंगळवारची सकाळ. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. अण्णा तरुणपणी तालमीत होते, आता गावोगावच्या जत्रांतली मैदानं बघत हिंडतात. त्यांना सगळं सांगायला अर्धा तास लागला. फुटबॉल त्यांना कळत नाही, पण बाकीचं त्यांना माझ्याआधी कळलं.

"म्हणजे जोडच लावली नाही म्हण की," ते म्हणाले.

"नाही लावली, अण्णा. अंदाजानंच ठरवलं."

"अगं, आपल्याकडंपण असंच. एखादं पोरगं लई भारी असतंय, पण नाव नसतंय. मोठा पैलवान त्याच्याशी जोड घेत नाही. हरला तर इज्जत जाते, जिंकला तर कोण विचारतंय? मग पोरगं आपलं बारक्या कुस्त्या मारत बसतं, आणि कमिटीवाले म्हणतात, ह्यानं मारलंय कुणाला?" थोडं थांबून म्हणाले, "पण पाय मोडल्यावर दोन कुस्त्या मारल्या म्हणतीस ना? मग आखाड्यात सोडायला पाहिजे होतं. पडला असता तर पडला असता."

मी इतकी वर्षं इथे लोकांचे वाद ऐकले, स्वतःही घातले. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. ३० डिसेंबरला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियानं आमच्या संघाला ६३–३ असं लोळवलं. तोवर आमचे कितीतरी महत्त्वाचे खेळाडू बाजूला झाले होते. काहींना व्यावसायिक फुटबॉलसाठी अंग जपायचं होतं, काही दुसऱ्या विद्यापीठात निघाले होते. मैदानात उतरला तो लुईव्हिलला हरवणारा संघ नव्हताच. तरी 'बघा, समितीचंच बरोबर होतं' म्हणणाऱ्यांना जोर आला. १ जानेवारीला अलाबामा मिशिगनकडून जादा वेळेत २०–२७ हरलं. २०२४ पासून चारऐवजी बारा संघ घेऊ लागले. त्यामुळे आता १३–० संघ बाहेर राहणं अवघड. पण पाचवा कोण हा वाद गेला आणि बाराव्या-तेराव्याचा आला, एवढंच. वजनं अजूनही कुठे लिहिलेली नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डोथनच्या मुलाची मेल आली. गुण लागून गेले होते, परीक्षा संपली होती, तरी सगळे बोल सामने धरून तो पूर्ण क्रमवारी नव्यानं मांडत होता. एकाच ठिकाणी अडला होता. ३० डिसेंबरचा सामना धरायचा का? त्याला तो वगळावासा वाटत होता. त्यानं लिहिलं होतं, "तो संघ तो नव्हता, प्रोफेसर. मी अलाबामाचा असून मला हे पटत नाही."

मेल वाचून मला भरून आलं. वगळ म्हणावं, असं मनात येऊनही गेलं. मग उत्तर लिहिलं: सामना झाला आहे, तो धरायचाच. कोण खेळलं नाही, का खेळलं नाही, हे आपण त्यात घालायला लागलो तर त्या दिवशी फळ्यावर जे म्हटलं ते मागे घ्यावं लागेल.

त्यानं धरला. या पद्धतीत ६३–३ आणि १६–१५ यांत काही फरक नाही. एक पराभव, त्याची किंमत एक. आमची ओळ झाली १३–१.