व्हेंटलेस गॅस फायरप्लेस घ्यायचा म्हणून निघालो होतो…

आम्ही बावधनला राहतो, रो हाऊस आहे, मागे टेकडी. पुण्यातल्या लोकांना थंडी म्हटलं की गुलाबी वगैरे सुचतं, पण इकडे पाषाण-बावधनच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-९ वर येतो आणि फरशी अशी गार पडते की पाय टेकवत नाही. आई आता ७८ वर्षांची आहे, गुडघ्यांचा त्रास, संध्याकाळी सात वाजले की हॉलमधल्या तिच्या खुर्चीत शाल, स्वेटर, मोजे सगळं घालून बसते आणि तरी हात गारच. तर तिच्यासाठी म्हणून हा सगळा शोध सुरू झाला.

मला फायरप्लेस हवाच होता, खरं सांगते. खरी ज्योत, समोर आई बसलीये, नातवंडं बसलीयेत. लाकडाचा तर शक्यच नाही, चिमणी कुठून काढणार. मग व्हेंटलेस गॅसवाला दिसला. भिंतीला भोक नाही, पाइप बाहेर काढायचा नाही, गॅस जोडला की झालं. शोरूममध्ये गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, शंभर टक्के एफिशियन्सी, एक टक्कासुद्धा उष्णता बाहेर जात नाही." आणि ते खरंच आहे बरं का, त्यात खोटं काही नाही. पण घरी येताना गाडीत मला एकच प्रश्न पडला, की उष्णता बाहेर जात नाही म्हणजे जळलेल्या गॅसचं जे काही होतं तेही बाहेर जात नाही, मग ते जातं कुठे? ते आपल्याच खोलीत राहतं. शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.

मग बसून हिशोब केला. दाखवलेलं मॉडेल ताशी २०,००० बीटीयूचं (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप). म्हणजे जवळजवळ सहा किलोवॅट, आपले घरातले दोन किलोवॅटचे तीन हीटर एकदम लावल्यासारखं. एलपीजीवर चालवला तर तासाला साधारण ४३० ग्रॅम गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर ३३ तासात संपेल, रोज चार तास लावला तर आठ दिवस. शिवाय तो सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो, घर तापवायला नाही, म्हणजे तोही प्रश्न आहेच. पण पैशापेक्षा मला पाण्याने गप्प केलं. गॅस जळला की वाफ होते, एक किलो एलपीजीमागे दीड लिटरच्या वर पाणी. म्हणजे चार तासात पावणेतीन लिटर पाणी आमच्या हॉलच्या हवेत! ते गार काचेवर बसणार, स्लायडिंगच्या खाचेत साचणार, उत्तरेकडच्या भिंतीला बुरशी धरणार. पावसाळ्यात त्या भिंतीचं काय होतं ते आम्ही दरवर्षी बघतो.

आणि ऑक्सिजन. आमचा हॉल १५ बाय १२, उंची १०, म्हणजे १८०० घनफूट. अमेरिकेत दर १००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा असावी असा नियम धरतात, त्यात आमचा हॉल आरामात बसतो. मी खूश झाले होते. पण सगळ्या खिडक्या-दारं गच्च लावली तर तासाभरात हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेअठराच्या आसपास येतो, हे कागदावर मांडल्यावर दिसलं. खरं घर इतकं बंद नसतं, फटी असतात, मान्य. पण थंडीत आपण काय करतो, फटींना चादरी लावतो, पडदे ओढतो. म्हणूनच या फायरप्लेसच्या माहितीपुस्तकात खिडकी थोडी उघडी ठेवा असं लिहिलेलं असतं. आता गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी शेकोटी आणायची आणि तिच्याच पाठीमागची खिडकी उघडी ठेवायची, हे मला पटेना.

यात ओडीएस नावाचा, ऑक्सिजन कमी झाला की गॅस बंद करणारा सेन्सर असतो, तो चांगला आहे, त्याबद्दल नीट सांगते कारण बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. छोटी पायलट ज्योत एका थर्मोकपलवर, म्हणजे तापलं की थोडीशी वीज देणाऱ्या तारेवर, जळत असते. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ती ज्योत उचलली जाते, थर्मोकपल गार होतं, आणि गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद. बॅटरी नाही, काही नाही, साधी युक्ती. पण तो कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू, मोजत नाही! आतली सिरॅमिकची लाकडं जराशी सरकली, साफसफाई करताना हललेली परत नीट बसवली नाहीत, तर ज्योत त्यांना घासते, पिवळी पडते, काजळी धरते आणि मोनॉक्साइड वाढतो, आणि ऑक्सिजन मात्र ठीकच असतो. त्याला ना वास ना रंग. आणि पायलटचं भोक इतकं बारीक की धूळ बसली की बिघडलंच, आमच्या समोर वर्षभर बांधकाम चालू आहे, रोज दोनदा पुसलं तरी टीव्हीवर थर. कुणी घेणारच असेल तर दरवर्षी सर्व्हिसिंग आणि वेगळा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टर, हे दोन्ही धरूनच बजेट करा.

अजून एक, एलपीजीचा आणि पाइपलाइनच्या गॅसचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोक, वेगळा असतो, आज सिलिंडरवर घेतला आणि उद्या सोसायटीत पाइप आला तर तसाच जोडायचा नाही. गळतीचा डिटेक्टरसुद्धा एलपीजीसाठी जमिनीजवळ, कारण तो जड, खाली बसतो, आणि पाइपच्या गॅससाठी छताजवळ.

ताई कॅलिफोर्नियात असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं आमच्याकडे घरात हे विकायलाच परवानगी नाही." तिच्या नणंदेकडे अटलांटाला मात्र आहे आणि ते लोक वर्षानुवर्षं वापरतायत. म्हणजे सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. मोठं, उघडं घर, वीज गेल्यावर तासभर आधार म्हणून, ठीक आहे. बेडरूमसाठी तिथेही १०,००० बीटीयूच्या वर चालत नाही.

हे सगळं मी आईला सांगत होते, तर ती म्हणाली, "शेगडीचं तेच तर होतं." सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझी आजी कोळशाची शेगडी आधी अंगणात पेटवायची, धूर संपून निखारे लाल होऊन वर राखेचा पांढरा थर आला की मगच फडक्याने धरून बाळंतिणीच्या खोलीत न्यायची. आणि झरोका उघडा. कुणी लावला तर ओरडायची. झोपायच्या आधी शेगडी परत बाहेर. आई म्हणाली, "मी लहान असताना शेजारच्या बिऱ्हाडात एकदा रात्रभर आत राहिली होती, सकाळी दोघं उठतच नव्हती, ओढून अंगणात आणलं तेव्हा शुद्धीवर आली." आजीला मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता, पण वाड्याला कौलं होती, वरून हवा जायची, तरीही ती इतकं सांभाळायची. आणि आमच्या घराला स्लॅब, यूपीव्हीसीच्या खिडक्या, दाराला खाली रबर. बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं बेशुद्ध पडल्याच्या, गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो, तिथेही कारण हेच, जळतंय आत आणि बाहेर काही जात नाही.

बायोइथेनॉलचा पण बघितला, दिसायला फार सुंदर, पण तोही व्हेंटलेसच, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड खोलीतच, वर पेटत्या बर्नरमध्ये इंधन ओतायची चूक झाली तर भडका. नातवंडं असलेल्या घरात नकोच. बाहेरची हवा घेऊन बाहेरच सोडणारा, दुहेरी पाइपचा बंद काचेचा गॅस फायरप्लेस असतो, तो मला खरंच आवडला, पण त्यासाठी बाहेरची भिंत कोरायची आणि आमच्या त्या भिंतीत नेमका कॉलम आलाय.

शेवटी आईसाठी तेलाचा रेडिएटर घेतला, दीड किलोवॅटचा. तासाला जास्तीत जास्त दीड युनिट, थर्मोस्टॅट आहे त्यामुळे सतत चालत नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट लावलाय, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. ज्योत नाही याचं वाईट वाटतं मला, अजून वाटतं. काल संध्याकाळी साडेसहाला लावला, साडेसातला आईने मोजे काढून पाय त्याच्यासमोर सोडले आणि मला म्हणाली, "बघ, हात लाव, गरम आहेत ना?" होते.