सहा एकर, सोळा गुंठे रस्ता आणि नसलेली शेड

अमेरिकेतल्या आयोवात गावाबाहेर एक जुने घर आणि त्याभोवतीची सहा एकर जमीन घ्यायचे आम्ही ठरवले, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून अण्णांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न घराच्या खोल्यांविषयी किंवा किमतीविषयी नव्हता. "अगं, उतारा काढलास का?" एवढेच त्यांनी विचारले. इथे सातबारा नसतो, असे मी सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग जमीन कुणाची, हे कळतं कसं?" त्या वेळी माझ्याकडे याचे धड उत्तर नव्हते. ते मिळवण्यासाठी मला काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत बरेच हेलपाटे घालावे लागले, आणि त्या हेलपाट्यांमुळे इथल्या जमिनीइतकीच गावाकडची जमीनही मला थोडी अधिक समजली.

आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत. आमची काउंटी सुमारे २४ मैल लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या आकाराची, पण लोकवस्ती फार विरळ. तिच्या मुख्य गावातील दगडी इमारतीत जमिनीचे सगळे कागद आहेत, हे खरे; मात्र ते एका टेबलावर नाहीत. मूल्यांकन असेसर करतो, खरेदीखते रेकॉर्डर नोंदवतो, मालक बदलल्याची नोंद आणि कराचा हिशेब ऑडिटर ठेवतो, आणि पैसे ट्रेझररकडे भरायचे असतात. चावडीत एका तलाठ्यासमोर बसून सगळे उरकण्याची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार प्रथम विनाकारण फिरवाफिरवीचा वाटतो. मलाही तसेच वाटले होते. पण त्यातील एक गोष्ट लवकरच ध्यानात आली: असेसरच्या कार्डावर तुमचे नाव असणे हा मालकीचा पुरावा मानला जात नाही. मालकी सिद्ध होते ती रेकॉर्डरकडील खतांच्या साखळीवरून. खरे पाहता सातबाराही मुळात महसुलाचाच कागद आहे आणि तोही मालकीचा अंतिम पुरावा नाही. आपण मात्र व्यवहारात तो तसाच धरून चालतो आणि भाऊबंदकीचे खटले लढताना पस्तावतो.

कागद शोधायला सुरुवात केली, तेव्हा पहिली अडचण आली ती जमिनीच्या वर्णनाची. आपल्या खरेदीखतात गट नंबर असतो आणि चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद. इथल्या खतात एकाही शेजाऱ्याचे नाव नाही. त्याऐवजी अमुक सेक्शनच्या ईशान्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश, टाउनशिप ८५ उत्तर, रेंज (म्हणजे टाउनशिपांची उभी रांग) अमुक पश्चिम, पाचवी मुख्य मध्याह्नरेषा, असे लिहिलेले असते. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने अमेरिकेने नव्या मुलुखाची मोजणी चौकटीत करायचे ठरवले. सहा मैल लांबी-रुंदीची एक टाउनशिप, तिचे एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. सेक्शनचा चतुर्थांश १६० एकर आणि त्याचाही चतुर्थांश ४० एकर. या चाळीस एकरांच्या तुकड्याला शेतकरी नुसतेच 'फॉर्टी' म्हणतात. मोजणी ज्या उत्तर-दक्षिण रेषेपासून सुरू होते, त्या पाचव्या मध्याह्नरेषेचा आरंभबिंदू १८१५ साली दूर दक्षिणेला, आर्कान्सामधील एका दलदलीत ठरवला गेला. त्यामुळे माझे घर त्या दलदलीच्या उत्तरेला सहासहा मैलांच्या पंच्याऐंशीव्या ओळीत, म्हणजे पाचशेहून अधिक मैलांवर आहे, ही माहिती माझ्या खरेदीखतातच लिहिलेली आहे. शेजारी बदलतात, ओढे पात्र बदलतात. हे अंतर बदलत नाही.

त्यानंतर आकड्यांचा एक घोळ पुढे आला. खतात सहा एकर, असेसरच्या कार्डावर करपात्र क्षेत्र मात्र ५.६ एकर. जमीन कमी मिळाली की काय, या शंकेने मी आधी विक्रेत्याच्या एजंटला आणि मग असेसरच्या कार्यालयात फोन केला. तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की आमची हद्द सेक्शनच्या रेषेपर्यंत आहे, त्या रेषेवरून काउंटीचा खडीचा रस्ता जातो आणि रस्त्यासाठी रेषेच्या दोन्ही बाजूंना ३३ फूट सोडलेले आहेत. त्या पट्ट्यावर कर लागत नाही. तेहतीस फूट हा आकडा ऐकल्याबरोबर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. इंग्रज मोजणीदारांची ६६ फुटांची गंटर साखळी दोन्हीकडे फिरली होती. आयोवातील रस्त्यांची रुंदी एक साखळी, आणि आपल्या गुंठ्याची बाजू अर्धी साखळी. आमच्या जमिनीचा रस्त्याकडील दर्शनी भाग ५२८ फूट आहे; ५२८ भागिले ३३ म्हणजे बरोबर सोळा. गेलेली ०.४ एकर जमीन म्हणजे बरोबर सोळा गुंठे. पुढे लक्षात आले की पूर्ण 'फॉर्टी'ची एक बाजू १३२० फूट असते, तेव्हा तिच्या एका कडेने रस्ता गेला तर बरोबर चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर जाते. त्या रात्री अण्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एका शब्दात निकाल दिला: "पोटखराबा." म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. माझ्या आनंदाचे त्यांना विशेष वाटले नाही. माझ्या मते मात्र परदेशात राहून मला झालेला हा सर्वांत समाधानकारक हिशेब आहे.

ही सगळी माहिती कोणालाही पाहता येते, याचा धक्का पचवायला मला अधिक वेळ लागला. आयोवातील अनेक काउंट्यांची कार्डे बीकन नावाच्या संकेतस्थळावर आहेत. नकाशावर कोणत्याही घरावर बोट ठेवले की मालकाचे नाव, खोल्यांची संख्या, मूल्यांकन, मागची विक्री आणि किंमत सगळे दिसते. रेकॉर्डरकडील नवीन दस्त 'आयोवा लँड रेकॉर्ड्स'वर शोधता येतात. जुने पाहायचे असतील तर इमारतीत जाऊन देणारा आणि घेणारा यांच्या नावांच्या सूचीतून पुस्तक व पान काढावे लागते. किंमत लिहिलेली नसेल, तरी खतावरील हस्तांतरण कराच्या आकड्यावरून ती काढता येते: पहिले ५०० डॉलर सोडून पुढच्या प्रत्येक ५०० ला ८० सेंट. खतावर ३१९ डॉलर २० सेंट दिसले की व्यवहार दोन लाखांचा आहे, हे समजावे. महाभूलेखवर सातबारा घरबसल्या पाहायला मिळू लागला, त्याला आता बरीच वर्षे झाली, पण त्यावरून शेजाऱ्याने घर कितीला घेतले ते कळत नाही. इथे आम्ही किती दिले हे सगळ्या गावाला आधीच ठाऊक होते, आणि पहिल्याच आठवड्यात एका शेजाऱ्याने ते माझ्या तोंडावर, अगदी आपुलकीने सांगितलेही.

मालकीचा प्रश्न आयोवात एका वेगळ्याच पद्धतीने सुटतो. अमेरिकेत इतरत्र घर घेताना मालकी हक्काचा विमा काढतात. आयोवाने राज्यात असा विमा विकण्यावर १९४७ मध्ये बंदी घातली. त्याऐवजी जमिनीचा 'ॲबस्ट्रॅक्ट' असतो, म्हणजे त्या तुकड्यावरचे प्रत्येक खत, गहाण, वारसाहक्क आणि खटला यांचा क्रमवार सारांश, जो एक वकील वाचतो आणि त्यावर आपले मत लेखी देतो. आमचा ॲबस्ट्रॅक्ट हातभर जाड होता. त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील सरकारी पट्ट्याने होते. सैनिकाला सेवेबद्दल मिळालेले भूमिपत्र त्याने कोणाला तरी विकले आणि त्या खरेदीदाराने ते वापरून ही जमीन मिळवली. आयोवातील पुष्कळ जमिनी अशाच भूमिपत्रांवर दिल्या गेल्या. पण मालकीची साखळी सरकारपासून सुरू होते म्हणजे त्याआधी इथे कोणी नव्हते, असे मात्र नाही. मध्य आयोवा सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून १८४२ च्या तहाने घेतला गेला, आणि मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा काउंटीत ८० एकर जमीन पैसे मोजून परत विकत घेतली. आमच्या ॲबस्ट्रॅक्टच्या पहिल्या पानावर यातले काहीही नाही.

आता कराकडे येते, कारण खरी कटकट तिथेच झाली. इथे कर मागाहून भरायचा असतो. १ जानेवारी २०२३ ची किंमत धरून बसवलेला कर सप्टेंबर २०२४ आणि मार्च २०२५ अशा दोन हप्त्यांत भरायचा होता. म्हणून घर घेताना विक्रेत्याने त्याच्या काळाच्या कराची रक्कम आम्हाला हिशेबातून दिली आणि पहिले बिल आले तेव्हा ती केव्हाच खर्च झाली होती. शिवाय मूल्यांकनाच्या सगळ्या किमतीवर कर नसतो. राज्य दरवर्षी एक टक्केवारी जाहीर करते. घरांसाठी २०२३ च्या मूल्यांकनाला ती ४६.३४२८ होती. दोन लाखांच्या घराची करपात्र किंमत त्यामुळे साधारण ९२,६८६ डॉलर होते, आणि दर हजारी २८ डॉलर धरला तर कर २,५९५ डॉलरच्या आसपास येतो, ज्यातला मोठा हिस्सा शाळेचा असतो. या टक्केवारीमागचा नियम खास शेतीप्रधान राज्याचा आहे: राज्यभरातील घरांच्या आणि शेतजमिनीच्या करपात्र किमतीची वाढ वर्षाला तीन टक्क्यांत ठेवायची, आणि दोहोंपैकी ज्याची वाढ कमी, तीच दोघांना लावायची. शेतजमिनीची किंमत बाजारभावावर नव्हे, तर पाच वर्षांच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, आणि काउंटीत ती वाटताना प्रत्येक मातीची मक्यासाठीची गुणवत्ता पाहतात. आमच्या कुरणाच्या कार्डावर क्लॅरियन, निकोलेट आणि वेबस्टर या मातींची नावे आणि त्यांचे गुण आहेत. इंग्रजी आमदानीतील आपल्या मोजणीत जमिनीची प्रत आण्यांत ठरत असे; इथे ती शंभरपैकी ठरते. वेबस्टर माती पाणी धरून ठेवते, म्हणून जमिनीखाली नळ घालून पाणी काढण्याचा सामाईक खर्च बिलात निराळ्या ओळीत येतो. पहिल्या वर्षी तो मी सांडपाण्याचा समजून भरला.

विषम वर्षी फेरमूल्यांकन होते. मार्चअखेरीस टपालाने सूचना आली आणि तीत आमच्या घराची किंमत अपेक्षेपेक्षा बरीच वाढलेली दिसली. कार्ड छापून मी ओळ न् ओळ वाचले, तेव्हा शेवटी सापडले: '४० बाय ६० फूट यंत्रशेड'. आमच्याकडे अशी शेड नाही. ती आधीच्या मालकाने पाडली असावी. गवतात काँक्रीटचा चौथरा तेवढा उरला आहे आणि आम्ही त्यावर उन्हाळ्यात हरभऱ्याची डाळ वाळत घालतो. म्हणजे दोन वर्षे आम्ही हवेतल्या शेडचा कर भरला होता.

तक्रारीची मुदत आखडती असते. २ ते २५ एप्रिलपर्यंत असेसरला अनौपचारिक फेरविचाराची विनंती करता येते, आणि ३० एप्रिलपर्यंत फेरविचार मंडळाकडे लेखी हरकत देता येते. मी चौथऱ्याची छायाचित्रे चारही बाजूंनी काढली, एकात मापासाठी टेप धरला आणि अर्ज घेऊन गेले. आठवड्याभरात एक माणूस गाडीतून आला, चौथऱ्यावर उभा राहिला, डाळीचे ताट बाजूला सरकवून चालत चालत मोजमाप घेतले आणि "बरोबर आहे" म्हणून निघून गेला. त्या वर्षीच्या मूल्यांकनातून शेड निघाली. आधी भरलेला कर परत मिळाला नाही, कारण त्या वर्षांची हरकत त्या वर्षांच्या एप्रिलमध्येच घ्यायला हवी होती. यात मला कार्यालयाचा दोष दिसत नाही. कार्ड पहिल्याच दिवशी माझ्यासमोर खुले होते आणि मी त्यात फक्त शेजाऱ्यांच्या किमती पाहत बसले होते.

नवे कार्ड मी अण्णांना पाठवले. त्यांनी ते भावाच्या मुलाकडून मराठीत वाचून घेतले, मातीच्या गुणांपाशी थोडे रेंगाळले आणि मग काही दिवसांनी स्वतःच्या सातबाराचे छायाचित्र पाठवले. पीकपाहणीच्या जलसिंचनाच्या रकान्यात विहीर आहे, आणि ती विहीर तर मी शाळेत असतानाच बुजवली गेली होती. छायाचित्राखाली त्यांनी लिहिले होते, "आता इथं तुझ्यासारखा टेप धरायला कोण येणार?" या दिवाळीला गावी जाईन तेव्हा तलाठ्याकडे त्यांच्याबरोबर जायचे, असे आमचे ठरले आहे.