सोसायटीत मध विकताना

माझ्या मामेभावाच्या वेल्ह्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, आणि त्याचा मध मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत विकते. ग्रुपवर "मध आलाय, कोणाला हवाय?" टाकलं की आधी दोन-चार अंगठे येतात आणि लगेच मागून प्रश्न, "ओरिजिनल आहे ना गं?" गंमत म्हणजे हीच मंडळी दुकानातली बाटली काही न विचारता ट्रॉलीत टाकतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर माझ्यासमोर डायनिंग टेबलवर परीक्षाच घेतली. काचेच्या ग्लासात पाणी, वरून एक थेंब, तो तार धरून सरळ तळाला गेला आणि काका म्हणाले, "पास!" आता दाट पाकसुद्धा असाच तळाला जातो हे त्यांना सांगावं की नाही, अशी पंचाईत. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दाखवून दिलं होतं की साखरेचा पाक मिसळलेला मध लॅबच्या नेहमीच्या टेस्टमधूनसुद्धा सुटतो, तिथे ग्लासभर पाण्याचं काय घेऊन बसलात. पण पैसे लगेच जीपे झाले, मग मी चहा पिऊन आले.

खरी परीक्षा जानेवारीत. पुण्याची थंडी पडली की बरणीत खालून पांढरट रवा धरायला लागतो आणि मग लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दूधवाल्यासमोर, जिथे गाठतील तिथे, "अगं तुझ्या मधात साखर निघाली." मधातलं ग्लुकोज गारठ्यात रवाळ होतं, कोमट पाण्यात बरणी ठेवा, गॅसवर नको, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता व्हॉइस नोटच करून ठेवलीये. तूप थिजलं तर कोणी भेसळ म्हणत नाही, मधानेच काय घोडं मारलंय?

किमतीवरून पण बोलणी खावी लागतात. घरचाच आहे तर एवढा महाग का? अहो, सातेरीच्या पेटीने वर्षाला पाच-सात किलो दिला तरी भाऊ खूश असतो, मेलिफेरा या परदेशी माश्यांच्या पेटीतून त्याच्या कितीतरी पट निघतो. शिवाय दर वर्षी चव वेगळी, एखाद्या वर्षी जांभळाचा जरा कडवट काळपट, एखाद्या वर्षी हिरड्याचा. "मागच्या वेळसारखाच दे" म्हणणाऱ्यांना काय सांगणार, फुलांना ऑर्डर देता येत नाही.

आणि एकदा भाऊच पुण्यात आला होता, तेव्हा गप्पांमध्ये सहज बोलून गेला की भर पावसात माश्यांना बाहेर काही मिळत नाही म्हणून पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो. झालं! समोरच्या काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की चोरी पकडली. तो पाक माश्यांच्या जेवणाचा, तेव्हा मध काढतच नाहीत, काढतात तो उन्हाळ्यात, हे पटवायला अर्धा तास गेला. शेवटी मीच म्हटलं, गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे जाऊन विचारा. त्या काही गेल्या नाहीत, पण दोन बरण्या घेतल्या.

एकदाच मी स्वतःहून नाही म्हटलं. बी विंगमधल्या आजींना पणतूला चाटवायला हवा होता, बाळ महिन्याचंसुद्धा नव्हतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, कितीही शुद्ध असला तरी, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आजी म्हणाल्या, "आमच्या सगळ्यांना चाटवलाय, काही झालं नाही." मी दिला नाही. चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी, मग सुनेने येऊन स्वतःच्या लिंबूपाण्यासाठी अर्धा किलो नेला.

यंदाचा मध मेअखेर येईल. ज्यांच्याकडे मागच्या बरण्या अजून आहेत त्यांनी प्लीज परत करा, आणि लोणचं भरलं असेल तर आता राहू दे तुमच्याकडेच, तो वास काही केल्या जात नाही.