माघारी बोलताना

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा 'आठवणी शक्यतो गोड असाव्यात' अशी सूचनाही सोबत होती. पण मला ज्या बाईंविषयी लिहायचंय त्या गोडबोल्या मुळीच नव्हत्या. गणित आणि पवित्रशास्त्र (बायबल) हे दोन्ही विषय त्या एकाच आवाजात शिकवायच्या: थोडा घोगरा, कधीच न चढणारा.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सहावं वचन आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. 'तुमचे बोलणे सर्वदा कृपायुक्त, मिठाने रुचकर केल्यासारखे असावे.' पाठांतर स्पर्धेत ते हमखास यायचं, म्हणूनच त्याच्या अर्थाकडे कुणाचं लक्ष नसे. बाईंनी एके दिवशी त्याच्या आधीचं वचन आणि अध्यायाचा शेवट मोठ्याने वाचायला लावला. आधीच्या वचनात बाहेरच्या लोकांशी सुज्ञपणे वागायला सांगितलंय. शेवटी पत्राचा लेखक, प्रेषित पौल, म्हणतो, माझ्या बंधनांची आठवण ठेवा. म्हणजे हे लिहिणारा माणूस कैदेत होता.

"ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याचा हा उपदेश नव्हे," बाई म्हणाल्या. "आणि आपल्याच माणसांशी गोड बोला, एवढाही नव्हे. पुढे चला."

त्यांचं 'पुढे चला' हे असं असायचं. समजलं का म्हणून त्या कधी विचारायच्या नाहीत.

कुणाची चूक झाली, कॉपी, खोटी सही, काहीही, की त्या त्याच्या बाकाच्या कोपऱ्यावर खडूने दोनदा टकटक करायच्या आणि वर्गाबाहेर निघायच्या. मुलाने मागोमाग जायचं. व्हरांड्याकडचं दार ओढून घेतलं जायचं. आत आम्ही श्वास रोखून कान लावायचो. पण ऐकू काही येत नसे. परत आल्यावर त्या फळ्यावरचं गणित जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायच्या. त्या मुलाचा विषय पुन्हा कधी निघायचा नाही, शिक्षकांच्या खोलीतही नाही, असं पुढे दुसऱ्या एका सरांनी सांगितलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने हाच क्रम सांगितलाय, हे मला शाळा सुटल्यावर उमगलं. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, कळव. आपण बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, आणि ज्याची चूक त्याच्या कानावर सगळ्यात शेवटी जातं.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप संत ऑगस्टीन (354–430) यांच्याबद्दल त्यांचे शिष्य पॉसिडियस यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मला फार आवडतो. ऑगस्टीन यांच्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या: हजर नसलेल्यांचे जो शब्दांनी लचके तोडतो, त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असं समजावं. एकदा जवळचे काही बिशपच ते विसरले आणि त्यांची जीभ सुटली. ऑगस्टीन त्यांना चांगलेच रागावले. एक तर या ओळी पुसून टाका, नाहीतर मी जेवण अर्धं सोडून माझ्या खोलीत जातो. पाहुणे साधेसुधे नव्हते, तरी त्यांनी भीड ठेवली नाही. ते बोलले तेही समोर बसलेल्यांना, त्यांच्या तोंडावर.

मंडळीत आपल्याकडे चहाडीला एक फार सोज्वळ अंगरखा मिळालाय. 'प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं, कुणाला बोलू नकोस.' मग कुणाच्या घरी काय बिनसलंय, कुणाचा मुलगा कुठे भरकटलाय, सगळं तपशीलवार येतं. प्रार्थना मात्र राहूनच जाते. प्रार्थनेला एवढा तपशील कशाला लागतो? ज्याच्याकडे मागायचं त्याला तो आधीच ठाऊक आहे. याहून मला खटकतं ते म्हणजे एखाद्याला टोचावं म्हणून ग्रुपवर टाकलेलं वचन. शब्द शास्त्राचे, नेम आपला.

सौम्य बोलणं म्हणजे गप्प बसणं, असंही काही जण धरून चालतात. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढावा. महायाजकाच्या चौकशीत एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू त्याला शिव्याशाप देत नाही, पण गिळूनही टाकत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं सरळ विचारतो. एवढंच.

मी तक्रारींच्या खिडकीवर काम करते. समोरचा तावातावाने येतो, त्याला आधीच तीन ठिकाणी फिरवलेलं असतं. मृदू उत्तराने राग शमतो हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन तिथे रोज खरं ठरतं असं मी म्हणणार नाही. काहींचा राग शमत नाहीच. पण तो माणूस पाठ फिरवून गेला की खिडकीच्या आतल्या बाजूला खसखस पिकते, त्याची नक्कल होते. मला जास्त जड जातो तो हा भाग. समोर 'साहेब, बसा' म्हणणं नोकरीचा भाग आहे. तो गेल्यावर त्याच्याविषयी कसं बोलायचं हे कुठल्याच नियमावलीत नाही, आणि आपलं ख्रिस्तीपण तिथेच तपासलं जातं असं माझं मत आहे.

हल्ली कुणाविषयी काही सुरू झालं की मी विचारते, "त्यांना विचारलंत का?" त्यामुळे दोनेक ग्रुपवर मला आता कुणी काही सांगत नाही. फोनची बॅटरी बरीच टिकते.