इंजिन बंद पडलं तर पुळण, सडा की खाचर?

कोकण किनाऱ्यावरून छोटं विमान नेणारा वैमानिक खालच्या पुळणी (वाळूचे किनारे) बघून निर्धास्त होतो. एवढी लांब धावपट्टी आयती आहेच की! पण गुहागरची पुळण ओहोटीला दिसते तेवढी भरतीला उरत नाही. हवामानाबरोबर भरती-ओहोटीच्या वेळाही निघतानाच बघून ठेवाव्यात.

हिशेब जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या (हवेत इंधन मिसळून इंजिनाला देणारा भाग) सेसना १७२ एनचा धरू. तरंगत जाण्याचा वेग ६५ नॉट. दर हजार फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे वारा नसेल तर ३,००० फुटांवरून आठेक किलोमीटर. नाक वर ओढून पल्ला वाढत नाही, उलट घटतो.

आधी वेग धरायचा, जागा ठरवून तिकडे वळायचं, मग कारण शोधायचं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढायची, फ्युएल सिलेक्टर (टाकी निवडायचा खटका) आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) ‘बोथ’वर, मिक्श्चर रिच (इंधनाचं प्रमाण जास्त), प्रायमर (इंजिन सुरू करताना इंधन सोडणारा हातपंप) आत लॉक. इंजिन धरत नसेल तर रेडिओवर आणीबाणीच्या १२१.५ वर मेडे (मदतीची हाक), ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) आणीबाणीचा कोड ७७००. कार्ब हीटला पहिला मान, कारण बंद इंजिनाचा एक्झॉस्ट भराभर गार होतो आणि गरम हवाच मिळेनाशी होते.

कोकणात कसला बर्फ? पण कार्ब्युरेटरच्या गळ्यात दाब घटतो, इंधनाची वाफ होते, आणि तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २५ अंश, हवा दमट आणि थ्रॉटल मागे घेतलेला (इंजिनाची ताकद कमी केलेली) असला की आत बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) हळूहळू उतरतो. कार्ब हीट ओढली की तो आणखी उतरतो, बर्फाचं पाणी इंजिनात जातं, इंजिन खोकतं, थरथरतं. नेमक्या याच क्षणी घाबरून नॉब परत आत ढकलला जातो. तो तसाच ओढलेला राहू द्यावा.

पाणी टाकीतूनही येतं. दमट रात्री अर्धी टाकी ठेवली तर आत दव धरतं. सकाळी तळातून नमुना काढताना इंधन-पाण्यातली रेष सगळेच शोधतात, पण कपात नुसतं पाणीच आलं तर रेष दिसणार कुठून? १००एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळं असतं. कप पांढऱ्या कागदासमोर धरावा.

आता जागा. पुळणीवर पाण्यालगतचा ओला, घट्ट पट्टा धरावा. वरच्या भुसभुशीत वाळूत पुढचं चाक रुततं आणि विमान पालथं होतं. किनारा दक्षिणोत्तर, दुपारचं खारं वारं पश्चिमेकडून, म्हणजे वारा आडवाच. शिवाय बंद इंजिनाचं विमान ऐकू येत नाही. २ ऑगस्ट २०१७ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या गजबजलेल्या किनाऱ्यावर सेसना १५२ असंच उतरलं, त्यात किनाऱ्यावरची दोन माणसं गेली. गर्दी दिसली तर किनाऱ्याला समांतर, उथळ पाण्यात उतरावं. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं.

सडा (कातळाचं पठार) वरून टेबलासारखा दिसतो. खाली आल्यावर गडगे (दगडी कुंपणं), चिरेखाणी आणि कलमांचे खड्डे दिसू लागतात, तोवर उंची संपलेली असते. त्यापेक्षा कापणी झालेलं भाताचं खाचर बरं, मेरेला (बांधाला) समांतर आणि उतार असेल तर चढाच्या दिशेने. पावसाळ्यात मात्र नुसता चिखल.

टेकण्याआधी मिक्श्चर, फ्युएल, मॅग्नेटो बंद. पंखांमागचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते पूर्ण उतरल्यावरच मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करायचा. दारं आधीच किलकिली ठेवावीत. सांगाडा वाकला की ती आतून उघडत नाहीत.