मियागामला काय आहे?

"मियागाम? तिथे काय आहे? गाडी बदलायचं ठिकाण ते!" बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मेथीची जुडी निवडता निवडता शेजारच्या काकू म्हणाल्या. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

ज्यांच्या नावाच्या मार्केटात आम्ही उभ्या होतो, त्याच खंडेराव महाराजांनी, बडोद्याच्या गायकवाड राजांनी, १८६२ साली बडोद्याजवळच्या डभोई आणि मियागाम या गावांना जोडणारी रेल्वे सुरू केली. भारतातली पहिली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे! दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. आणि डबे ओढायला चक्क बैल! इंजिनं आली, पण हलक्या रुळांना त्यांचं वजन पेलवेना. जड रूळ टाकल्यावर, १८७३ पासून, ती नियमित धावू लागली.

रुळांमधून चालणारी बैलजोडी डोळ्यांसमोर आणून बघा. मला तर फार अभिमान वाटतो.

तुमच्याकडे कुणाचे आजोबा-पणजोबा गायकवाडी रेल्वेत होते का? त्यांच्याकडून ऐकलेलं इथे जरूर लिहा.